हळू आवाजाचे दिवस

उत्तनच्या किनाऱ्यावर पेत्रोनिलाला कोणी पेत्रोनिला म्हणत नसे. एवढं नाव उच्चारेपर्यंत ती दोन घरं पुढे गेलेली असे. सगळे तिला पेत्रू म्हणत. डोक्यावर पाटी घेऊन ती भाईंदरच्या बाजारात शिरली आणि "घे गो बाय, ताजी मांदेली" असं ओरडली की पलीकडच्या मिठागरातल्या माणसांना भूक लागे. चर्चच्या गायनमंडळात मात्र पाद्रींनी तिला घेतलं नाही. देवाला कमी ऐकू येत नाही, एवढंच ते म्हणाले.

तिला दिवस गेले तरी ती बाजार सोडायला तयार नव्हती. अगदी बाळंतपणाच्या तोंडावरही ती गिऱ्हाइकांशी भांडत उभी होती. सदतीस सालच्या ईस्टरनंतर मुलगा झाला. नाव ठेवलं जुझे.

बाप्तिस्म्याला नणंद आग्नेस वांद्र्याहून आली. ती एका गोऱ्या साहेबाकडे आया होती. मुलं कशी वाढवावीत याबद्दलचं तिचं ज्ञान अगदी निर्भेळ होतं. त्यात स्वतःच्या मुलाची भेसळ झालेली नव्हती. जुझे झोळीत निजला होता आणि पेत्रूने त्याच्याजवळूनच सासूला विचारलं, "आय, पेज उतरवली काय?"

आग्नेस दचकली. जुझे दचकला नाही, पण त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

"वयनी, पोर हाय ते, खाडीपलीकडची होडी न्हाय," आग्नेस म्हणाली. "साहेबाच्या घरात पोराजवल कुनी आवाज काढत न्हाय. मडम तर पाय पन वाजवत न्हाय. तुझ्या आवाजानं एखाद दिवस याचं कालीज फुटंल."

आग्नेस दुसऱ्या दिवशी वांद्र्याला गेली, पण काळीज फुटण्याची गोष्ट घरात राहिली. पेत्रू कुजबुजू लागली. नवरा कैतान याला वाटलं, बायको रागावलीय. आपलं काय चुकलं ते त्याने बरेच दिवस आठवून पाहिलं, दोन-तीन गोष्टी सापडल्या, आणि त्यांतली नेमकी तिला ठाऊक नसलेली त्याने कबूल केली. तेव्हासुद्धा ती हळूच ओरडली.

जुझे मात्र झोपेना. ती जितकी हळू होई तितका त्याचा सूर वर चढे. दृष्ट काढून झाली, चर्चमधल्या मावलीपुढे मेणबत्त्या लावून झाल्या. सून पोराला घेऊन घरी म्हणून सासू इसाबेल या वयात पुन्हा पाटी घेऊन भाईंदरला जाऊ लागली होती. पेत्रू दिवसभर झोळीची दोरी ओढत बसे, आणि पोर तिच्याकडे पाहून असं रडे की जणू कुणी परकी बाई घरात शिरलीय.

"मी आय म्हनून चालायची न्हाय," ती एकदा कैतानला म्हणाली. "मासली इकायला बरी. पोराला मी नको हाय."

कैतानने कान पुढे केला. तिचं बोलणं त्याला नीट ऐकूच आलं नव्हतं.

नाताळच्या तोंडावर इसाबेलचा गुडघा धरला. मासळी कोणासाठी थांबत नाही. पेत्रूने पाटी डोक्यावर घेतली, जुझेला फडक्यात बांधून कडेवर घेतलं आणि निघाली. पोराने राई गावापासून जो सूर लावला तो भाईंदरपर्यंत सोडला नाही. बाजारात बसून ती कुजबुजली, "मांदेली घ्या गो." पुढच्या माशीनेही मान वळवली नाही.

नवघरची रंभा तिची जुनी गिऱ्हाईक. नवरा मिठागरावर, पोरं पाच. तिने दोन बोटांनी एक मांदेली उचलली.

"जीभ गिललीस काय गो? आनि ही मांदेली या नाताळाची का मागच्या?"

पेत्रूला काहीही बोललेलं चाले, मासळीला नाही. इतक्या महिन्यांचा आवाज एकदम बाहेर पडला.

"मागच्या नाताळाची? तुझा दादला एवढं मीठ पिकवतो, त्यातला एक खडा तुझ्या डोक्यात पडला न्हाय! पहाटे दर्यात पोहत व्हती ही! घ्यायची नसंल तर हात काढ!"

"दोन आन्यांत तीन वाटे दे, मंग काढते."

"तीन? तीन वाट्यांत सगला नवघर जेवंल!"

"जेवंल आनि रातभर पोट धरून बसंल!" रंभा मध्येच थांबली. "पोऱ्या गप कसा झाला गो?"

पेत्रूने भांडण तिथंच टाकलं. काळीज फुटलं, तिला वाटलं. तिने फडकं बाजूला केलं. जुझे तोंड उघडं टाकून झोपला होता, मुठीत तिच्या पदराचं टोक.

"झोपला," ती कुजबुजली.

तत्क्षणी त्याचा ओठ दुमडला. पाच पोरांच्या आईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"दोन आन्यांत चार!" रंभा कडाडली.

"चार वाटे तुझ्या बापानं दिले व्हते काय!"

पोराच्या पापण्या पुन्हा मिटल्या. "नऊ महिने पोटात बसून यानं दुसरं काय ऐकलं असंल?" रंभाने भांडणाच्याच आवाजात विचारलं. "आयचा आवाज वलखतो तो! तू कशाला चोरून ठेवलास, भवाने?"

सौदा कधीच पटला होता, मासळी रंभाच्या टोपलीत पडली होती, तरी दोघी भांडत राहिल्या. बघायला जमलेल्यांनी उरलेली पाटी संपवली. पेत्रूचे डोळे वाहत होते, पण तोंड थांबलं नाही.

संध्याकाळी जुझे कुरकुरू लागला तेव्हा तिने कैतानला झोळीसमोर बसवलं. "भाव कर."

कैतानने जन्मात मासळी विकत घेतली नव्हती. "कितीला?" त्याने विचारलं.

"चार आने वाटा!"

"बरं," तो म्हणाला.

जुझेने भोकाड पसरलं. आतून इसाबेल दुखरा गुडघा ओढत आली. "असा करतात बाजार? सर तिकडं." ती सुनेसमोर बसली. "काय गो, चार आने? मासली तुझ्यासारखीच खारट असंल!"

"मी खारट व्हते तर पसंत कशाला केलीस?"

"अंधारात बघितली!"

शेजारचा सेबॅस्टियन दाराशी धावत आला. "कैतान, सासू-सून का भांडतान?"

"भांडत न्हाय," कैतान म्हणाला आणि दाराबाहेर विडी पेटवून निवांत बसला. "पोराला निजवतान."