सुनंदा पहिली आली

माझी बायको वारली, त्याच्या पुढच्याच महिन्यात ती आमच्या सोसायटीच्या चालण्याच्या स्पर्धेत पहिली आली.

हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. (कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. नोंद चुकली तर मला जेवण जात नाही.)

सुनंदाला मोबाइलचं भारी वेड. पाणी प्यायची आठवण करणारं अ‍ॅप, शब्दकोड्यांचं, जुन्या गाण्यांचं, आणि झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं. त्यातून तिने एकदा खुर्चीत वाचत बसलेल्या माझा फोटो काढला. उत्तर आलं: कमी उजेडात टिकणारी वनस्पती, जास्त पाणी देऊ नये. हे तिने आमच्या मुलुंडच्या अख्ख्या बिल्डिंगला दाखवलं!

पण तिचं सगळ्यात लाडकं अ‍ॅप पावलं मोजणारं. सोसायटीतल्या बायकांचा त्यावर ग्रुप होता, दर महिन्याला चालण्याची स्पर्धा. पहिला नंबर कायम पहिल्या मजल्यावरच्या सामंत वहिनींचा, दुसरा सुनंदाचा. एक दिवसही न चुकवता चाललात तर अ‍ॅप 'साखळी' मोजायचं. सुनंदाची साखळी चारशे बारा दिवसांची होती. आदल्या संध्याकाळीही ती चालून आली होती. सकाळी उठलीच नाही.

त्या दिवशी सगळ्यांना कळवायला तिचाच फोन माझ्या खिशात होता. दुसऱ्या दिवशी सहज पाहिलं, तर आदल्या दिवसाच्या धावपळीची साडेसात हजार पावलं तिच्या नावावर. साखळी चारशे तेरा!

ती तोडायला माझं मन होईना. तसंही घरात बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचो, एकच पान चारदा वाचायचो, मिटायचो, उठायचो, पुन्हा बसायचो. आणि संध्याकाळी सहा वाजता तो फोन बोलायचा. माझ्यासाठी तिने स्वतःच्या आवाजात आठवण भरून ठेवली होती, "अहो, ठेवा ते पुस्तक. उठा बघू. चला, चालायला!"

ती होती तेव्हा मी एकदाही उठलो नाही. आता पहिल्या हाकेला उठायला लागलो.

अडचण होती मुक्ताची. मुक्ता म्हणजे आमची मुलगी, बोरिवलीला असते. "बाबा, आईचा फोन बंद करूया ना. सारखा वाजतो, तुम्ही दचकता. सिम मी परत करून टाकते."

"केलाय गं बंद. कपाटात आहे," मी सांगून टाकलं.

तेव्हा तो माझ्या झब्ब्याच्या खिशात होता. बंद झाला असता तर ती संध्याकाळची हाकही गेली असती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी पोटच्या मुलीशी खोटं बोललो.

मग मी चालतच सुटलो. नव्वद फुटी रस्त्याने टोलनाक्यापर्यंत, तिथून परत, तरी जीव थाऱ्यावर नाही म्हणून पुन्हा एक फेरी! सुनंदा दिवसाला सहा हजार पावलं चालायची. मी चौदा हजार चालत होतो. आणि हे सगळं, पावलंही आणि रस्ताही, रोज ग्रुपवर दिसतं, हे चौतीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या माझ्या लक्षातच आलं नाही!

महिना संपला त्या दिवशी सामंत वहिनी वर आल्या. चेहरा पांढराफटक, हातात वाटीभर शिरा.

"भाऊजी, एक विचारू? राग नका मानू. सुनंदा... नीट गेली ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण गेली ना?"

"वहिनी, तुम्ही स्वतः होतात की तिथे!"

"होते ना! म्हणून तर झोप नाही मला. काल ती चौदा हजार चालली, भाऊजी! टोलनाक्यापर्यंत जाऊन आली! तिची माझ्या पुढे जायची इच्छा राहिली होती हो. ती काही गप बसायची नाही आता!"

याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं की मुक्ताच्या कानावर जाणार, आणि फोन जाणार. मी म्हणालो, "मशीनची गडबड असेल काहीतरी." आणि शिरा खाल्ला.

वहिनींनी तेवढ्यावर सोडलं असतं तर! त्यांनी भांडुपला फोन लावला, सुनंदाच्या भावाला, दत्तामामाला. दत्तामामा मूळचा कुडाळचा. रविवारी संध्याकाळी नारळ घेऊन हजर. मागोमाग मुक्ताही. वहिनींनी तिलाही बोलावलं होतं.

"अरे दत्ता, याची काही गरज नाही रे."

"भावोजी, तुमी गप रवा. तुमका पुस्तकातला कळता, ह्या माका कळता. बायची इच्छा रवली हा. देवाक गाऱ्हाणा घालूक होया!"

मुक्ता माझ्या कानाशी लागली, "बाबा, मामा काय करतोय? वेड लागलंय का सगळ्यांना? आणि तुम्ही का एवढे घामाघूम झालात?"

"उकडतंय."

दत्तामामा दारात उभा राहिला, नारळ हातात धरून डोळे मिटले. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाला दोन मिनिटं कमी! फोन खिशात. खिशात हात घालून तो गप्प करायचा म्हटलं तर मुक्ता माझ्याकडेच बघत होती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सामंत वहिनी.

"आमची बाय सुनंदा चालता चालता खंय अडाकली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तिका चालूचा पुरे म्हणान सांग, तिचे पाय दुखतत..."

"अहो, ठेवा ते पुस्तक!" सुनंदा म्हणाली. "उठा बघू. चला, चालायला!"

सामंत वहिनी किंचाळून सोफ्यावर चढल्या. दत्तामामाच्या हातातला नारळ त्याच्याच अंगठ्यावर पडला, आणि "मेलंय गे बाये!" म्हणत तो एका पायावर थेट लिफ्टपर्यंत गेला. एकटी मुक्ता जागची हलली नाही. तिने हात पुढे केला.

"बाबा. खिशात काय आहे?"

मी फोन दिला. मग सगळं सांगितलं. साखळी, टोलनाका, कपाट.

आधी वहिनी बोलल्या. सोफ्यावरूनच.

"म्हणजे मी हरले ती तुमच्याकडून? एका ग्रंथपालाकडून? जो माणूस चार वर्षांत खाली कचरा टाकायला आला नाही, त्याच्याकडून!"

"चुकलो, वहिनी. तिचं नाव काढायला सांगतो."

"खबरदार काढाल तर!" त्या खाली उतरल्या, पदर सारखा केला. "राहू दे तिचा पहिला नंबर. हौस होती तिची. पुढच्या महिन्यात मात्र मी सोडणार नाही हं!"

मुक्ता फोनकडे बघत होती. मला वाटलं, आता बंद करणार. ती हळूच म्हणाली, "परत लावा ना, बाबा. एकदाच." दत्तामामाही लंगडत दारात येऊन उभा राहिला. सुनंदाने आम्हा चौघांना मिळून पुन्हा एकदा झापलं.

फोन माझ्याकडे राहिला. अट एकच, मुक्ताची: मी माझ्या फोनवरही ते अ‍ॅप घ्यायचं, माझ्या नावाने. "चालताय तुम्ही, तर तुमचंही नाव लागू दे की!"

तेव्हापासून दोन्ही फोन घेऊन चालतो. डाव्या खिशात ती, उजव्या खिशात मी. पाय तेच, रस्ता तोच, तरी रोज ती माझ्यापेक्षा पन्नासेक पावलं पुढेच असते! आठवडाभर मला हा हिशेब लागेना. मग लक्षात आलं. निघताना तिचा फोन मी आठवणीने घेतो आणि माझा घरी विसरतो. तो आणायला लिफ्टपासून परत जातो, ती पावलं तिच्या नावावर पडतात.