अकरा लिफ्टांची यादी

"बाबा, बाई पाऊण तास लिफ्टमध्ये अडकली होती! आणि मी बाहेर उभी राहून तुमची यादी चाळतेय!"

"यादीत सगळं लिहिलंय. नीट बघायचं."

"सगळं लिहिलंय, म्हणूनच काही सापडत नाही!"

माझे धाकटे दीर आणि त्यांची लेक यांचं हे भांडण मी भिंतीपलीकडे भाजी निवडताना ऐकलं, त्याला सात वर्षं झाली. कान लावूनच ऐकलं, खोटं कशाला बोलू?

भाऊजी एका कंपनीसाठी लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं, अकरा लिफ्टा. कुठली कुठल्या मजल्यावर रुसते, कुठल्या दाराला किती ग्रीस, सगळं डोक्यात. हात थरथरायला लागले तेव्हा लेकीसाठी त्यांनी ते कॉम्प्युटरवर उतरवलं. आधी रेघ, मग ओळ. पुन्हा रेघ, पुन्हा ओळ. अशा सहाशे. काम लेकीकडे यायचं होतं. पुन्हा अशी फजिती झाली असती तर कंपनी दुसरा माणूस नेमणार होती.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "वहिनी, बघा गंमत." एक बटण दाबलं. एका लिफ्टच्या ओळीपुढची रेघ गेली, तिथं चांदणीसारखी खूण आली, आणि ती ओळ मथळा झाली. दुसरं बटण दाबलं, तर तिच्याखालच्या दहा ओळी गडप!

"गेल्या कुठे?"

"तिच्या पोटात." पुन्हा दाबलं, दहाच्या दहा बाहेर.

मी दोन यत्ता शिकलेली बाई. कप हातात धरून तशीच उभी राहिले. सुनांच्या रांगेतून घरची कर्ती व्हायला मला तीस वर्षं लागली, आणि इथं एका खुणेत झालं!

भाऊजींना चेव आला. त्यांनी सगळी यादी एकदम निवडली आणि बटण दाबलं. सहाशेच्या सहाशे मथळे! 'थोडं तेल घालावं' हाही मथळा.

लेक आली, बघून म्हणाली, "बाबा, सगळेच सासरे केलेत. ऐकणार कोण?"

त्या टोमण्यावर भाऊजी दोन दिवसांनी हसले. केलेलं सगळं मोडलं. मग रोज एक लिफ्ट घेऊन बसले. कुठल्या ओळीला चांदणी, कुठली रेघेवरच राहू द्यायची, एकेक ओळ स्वतःशी पुटपुटून ठरवत. त्या थरथरत्या बोटांकडे मी देवघरात बसल्यासारखी बघत बसायची.

पुढे बाळंतपणाच्या दवाखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडली, आत एक बाई. लेकीनं मथळा उघडला, खालची तिसरी ओळ वाचली, बाई बाहेर. "दोन मिनिटं, काकू!" मला सांगितलं, बापाला नाही. मग मीच जाऊन सांगितलं. त्याच महिन्यात कंपनीनं काम तिच्या नावावर केलं.

भाऊजी मात्र जमेल तसे फेरी मारतच राहिले. गेल्या महिन्यात वारले. त्या सकाळीही त्याच दवाखान्यात जाऊन आले, हात धुतले, त्या लिफ्टच्या मथळ्याखाली लिहिलं, 'दार पाहिलं, ठीक आहे', आणि म्हणाले, "वहिनी, चहा."