पत्रा फोडून आलेला देव

अक्काच्या पडवीचा पत्रा फोडून दगड आत पडला तेव्हा ती बाजेवरून नुकतीच उठून चुलीकडे गेली होती. दगड बाजेचा सुंभ तोडून खाली जमिनीत रुतला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी तिचं सासर. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा एकुलता एक मुलगा, दोघंच त्या घरात. मी इकडे धुळ्याला देवपुरात राहते. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे दगड म्हटलं की सगळ्यांना माझी आठवण येते.

व्हिडिओ अक्काच्या शेजारणीने पाठवला. काळा, जड, एका अंगाने जळल्यासारखा दगड. कुणीतरी जुन्या स्पीकरचं चुंबक त्याला लावत होतं. ते क्षणभर चिकटे आणि गळून पडे, आणि तेवढ्यावर माणसं टाळ्या वाजवत होती. खाली शेजारणीने विचारलं होतं, आकाशातला आहे का ते सांगा. मला राग पटकन येतो, तसा आला. आपला इकडचा काळा पाषाण चुंबकाला जरासा ओढतोच, हे पोरांना शिकवताना माझा घसा कोरडा पडला होता.

पण खरं सांगते, रागाखाली आशाही होती. जन्मभर लोकांनी मला भट्टीतला लोखंडाचा मळ आणून उल्का म्हणून दाखवला. एकदाही खरी उल्का हातात आली नाही. पत्रा फोडून वरून पडलेला दगड, तोही सख्ख्या बहिणीच्या घरी, म्हटल्यावर मी भिंग आणि छोटी हातोडी पिशवीत टाकली आणि सकाळची जळगावची बस धरली. तिथून यावल आणि पुढे रिक्षा. वाटेत केळीच्या बागा लागल्या, पानं उन्हाने कडेने करपलेली. गाव जवळ आलं तसा बागांच्या पलीकडून ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरचा धडधडाट ऐकू येऊ लागला. भाच्याच्या नव्या विहिरीचं काम चालू आहे, असं रिक्षावाल्याने सांगितलं. मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

पडवीत पाय ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. दगडाला शेंदूर लागला होता. साधा नाही, तेलात कालवलेला, थरावर थर. वर चांदीचे डोळेसुद्धा बसवले होते. त्याच्या बरोबर वर पत्र्याला भोक, आणि त्यातून उन्हाचा एक गोल डाग देवाच्या डोक्यावर. नवीन सुंभ घालून अक्काची बाज पुन्हा तिथेच, देवाशेजारी. आजूबाजूला नारळ, अगरबत्त्या आणि बसलेल्या बायका.

मी म्हटलं, एक कोपरा उडवू द्या, आतला रंग दिसला की झालं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी वासरावर सुरी धरली होती. भाचा सगळ्यात आधी आडवा आला. मावशी, देवाला हातोडी लावतात का, असं तो नम्रपणे म्हणाला, पण माझ्या पिशवीवरून त्याची नजर हलत नव्हती. शेंदूरही पहिला त्यानेच लावला होता, हे शेजारणीने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

आता शेंदरातल्या दगडाला हात लावायचा तर एकच रस्ता, नमस्कार. मी बसले आणि दोन्ही तळहात देवावर ठेवून इतका वेळ नमस्कार केला की बायकांना माझी भक्ती दाटून आलेली वाटली असेल. उल्का पृथ्वीकडे येताना वरून वितळते, तिच्या कडा मऊ होतात, कणकेत अंगठा दाबावा तसे खळगे पडतात. इथे कडा हाताला कापत होत्या. खालच्या अंगाला शेंदूर पोचला नव्हता, तिथे बारीक भोकं होती आणि त्यांत पांढरे खडे बसलेले, आपल्या डोंगरात बसतात तसेच. उल्केत अशी भोकं नसतात. काळेपणा बोटाला लागला, तो काजळीचा होता. आणि एका बाजूने बोट फिरवलं तर सरळ, गुळगुळीत, अर्धगोल खाच लागली. गावाने ते देवाचं गंध समजून तिथे शेंदूर जास्तच भरला होता.

ती खाच मी ओळखते. विहिरीच्या खडकात मशीनने भोक पाडतात, त्यात जिलेटिनच्या कांड्या भरतात आणि सुरुंग उडवतात. खडक त्या भोकावरूनच फुटतो आणि अर्धं भोक दगडाच्या अंगावर राहतं. भोकांवर टायर, काट्यांची झुडपं, वाळूची पोती रचल्याशिवाय सुरुंग लावला की दगड असे उडतात. बागेपलीकडे धडधडाट चालूच होता. म्हणजे आणखी येणार होते, आणि यायच्या जागी आता माणसं मांडी घालून बसत होती.

दुपार झाली तशी अक्का उठली आणि सगळ्यांना बाहेर काढू लागली. देव नैवेद्य एकटा घेतो, त्या वेळी पडवीत कुणी थांबायचं नाही, हा तिने घातलेला नियम. बायका निमूट घरापलीकडच्या, बागेपासून लांबच्या कडुनिंबाखाली गेल्या. मग बागेकडून आरोळी आली, सुरुंग, सुरुंग. मजूर भाकरीला बसतात तेव्हा रान मोकळं असतं, म्हणून सुरुंगाची वेळ तीच. जमीन हादरली, पत्र्यावर बारीक खडी वाजली, गप्पांत ती बायकांच्या लक्षातही आली नाही, आणि थोड्या वेळाने अक्काने सगळ्यांना प्रसादाला आत बोलावलं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझी नजर चुकवली.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी तिला गाठलं. आम्ही दोघी असलो की माहेरचीच बोली तोंडात येते. हा देव नाही, तुझ्या पोराच्या विहिरीतला दगड आहे, मी बोलून टाकलं.

"माले मालूम शे," ती म्हणाली. "त्या दिनले आरोळी ऐकीसनच मी उठनू व्हतू."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विहीर वस्तीच्या फार जवळ आहे, गावाने आधीच कुरकुर केली होती. सुरुंगाचा दगड घरात पडला हे कळलं तर काम बंद पाडतील आणि केळी उभी वाळेल. म्हणून पोराने रडत रडत शेंदूर फासला आणि ही गप्प बसली. माणसं जमायला लागली तेव्हा तिची पाचावर धारण बसली आणि तिने नैवेद्याचा नियम काढला. पाणी लागायला आलंय, थोडे दिवस तोंड मिट, असं ती मला हात धरून सांगत होती. आणि कुणी मेलं म्हणजे, मी विचारलं. नियम आहे ना, ती म्हणाली. मग मी भाच्याला धरलं आणि वाट्टेल ते बोलले. त्याने मान खाली घालून ऐकलं, टायर टाकतो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. शेजारच्या वाडीतूनही माणसं आली, पडवी भरून अंगणात गेली. मला तिथे बसवेना, आणि अक्काला सोडून उठवेना. पत्रा तापला होता. टाळांच्या गजरात आरती सुरू झाली. नैवेद्याला अजून बराच अवकाश होता. सुरुंगवाल्याला त्या दिवशी दुसऱ्या गावी जायची घाई होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

आरोळी आली. टाळांत ती कुणाला ऐकू गेली नाही, कारण कुणी तिची वाट बघत नव्हतं. आम्ही दोघी बघत होतो. अक्काचा हात हवेतच थांबला आणि तबकातली ज्योत हलली. तिने एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने तबक खाली ठेवलं. त्या गावात सगळा जन्म काढून ती त्यांच्यासारखीच बोलायला लागली होती. पण त्या क्षणी तिच्या तोंडातून माहेर बाहेर पडलं.

"बठ्ठा उठा. हाऊ देव नही. मना पोऱ्याना सुरुंग शे, पया."

ती सगळ्यांना उठून पळा म्हणत होती, पण कुणाला काही समजेना. मी टाळ वाजवणाऱ्याचा हात धरला, बायकांना दंडाला धरधरून उठवलं. कुणीतरी किंचाळलं आणि मग सगळे सुटले. अक्का शेवटी बाहेर आली. आम्ही निंबापर्यंत पोचतो न पोचतो तोच स्फोट झाला. सगळ्यांनी डोक्यावर हात घेतले आणि पत्र्याकडे पाहिलं.

पत्र्यावर खडासुद्धा पडला नाही. भाच्याने त्या दिवशी खरंच टायर टाकले होते.

काम त्याच दुपारी बंद पडलं. गावातली वडीलधारी मंडळी बागेत गेली, ट्रॅक्टर निघून गेला, विहीर कोरडीच राहिली. केळी वाळली. भाचा आता शेतात झोपडी करून राहतो, आईशी बोलत नाही. भाकरी शेजारीण पोचवते. दगड अजून पडवीतच आहे. कुणी पूजत नाही आणि उचलायलाही कुणी हात लावत नाही. चांदीचे डोळे कुणी काढून नेले कळलं नाही, त्या जागी शेंदरात दोन खड्डे आहेत. अक्का अजून तिथेच निजते. बाज हलव म्हणून मी फोनवर ओरडते, ती ऐकून घेते.

तिने माणसं वाचवली असं मी तिला परत परत सांगते. वाचवलं कशापासून, असं म्हणून परवा तिने मला मध्येच तोडलं.

"एक तरी खडा पडाले जोयजे व्हता," ती म्हणाली.

जेवलीस का, एवढंच मी विचारलं.