उजेडात डोळे पाहणाऱ्या सकीनाबाई

सकीनाबाई शस्त्रक्रियेला उभ्या राहिल्या की सुरी उचलण्याआधी क्षणभर स्वतःचा श्वास रोखून धरत. मान किंचित कललेली, डोळे मिटलेले. जालन्याच्या बायकांच्या त्या छोट्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं. मला वाटलं, बाई काही दुआ म्हणत असतील. नंतर धीर करून विचारलं तर हसल्या. "दुआ नंतर, इंदू. आधी कान. टेबलावरच्या बाईचा श्वास ऐकून राह्यले होते मी. साँस बराबर, तो सब बराबर."

त्यांचं डॉक्टरीचं शिक्षण हैदराबादेत झालेलं. क्लोरोफॉर्मवर फार पूर्वी तिथं मोठे प्रयोग झाले होते. श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे क्लोरोफॉर्मची भीती नाही, हा तिथला धडा आणि तिथला अभिमानही. बाईंनी तो मनापासून उचलला होता. मराठी मात्र त्या शिकल्या ती आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडून, त्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षा गावठी होती. बायकोला फार उशिरा घेऊन येणाऱ्या नवऱ्याला त्या चष्म्यावरून पाहत म्हणत, "बैल आजारी पडला तर इतके दिवस थांबला असता का रे?" नवरा खाली मान घाली. मग त्याच त्याला बसायला सांगत आणि चहा पाठवत.

दवाखान्यात त्या आणि आम्ही दोघी-तिघी नर्सा, एवढाच कारभार. तारेच्या जाळीवर कापड ताणून ते रुग्णाच्या नाकातोंडावर धरायचं आणि त्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकायचे, हे काम माझ्याकडे होतं. बाई सुरी चालवताना न बघता सांगत, "थांब. आता दोन थेंब. बस्स."

वाटूरची सुभद्रा आली ती बैलगाडीतून. पहिलंच बाळंतपण, तेही अडलेलं. दोन दिवस कळा देऊन थकली होती. त्या दोन दिवसांत अन्नाचा कण पोटात नव्हता. पाणी प्यायली तरी उलटून पडत होतं. बाईंनी पोट उघडून मूल काढलं. मुलगी होती, चांगली रडली. सुभद्राही शुद्धीवर आली, मुलीला जवळ घेऊन नवऱ्याला, नामदेवला, म्हणाली, "नाक तुमच्यावर गेलंय." आम्ही सगळे खूश होतो.

तिसऱ्या दिवशी ती ओकू लागली. डोळे पिवळे झाले, मग अंग. दुपारनंतर असंबद्ध बोलू लागली, माणसं ओळखेना. टाक्यांत पू नव्हता, ताप फारसा नव्हता. बाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. साखरेचं पाणी चमच्यानं पाजून पाहिलं, सुईनं शिरेतून दिलं. चौथ्या दिवशी सुभद्रा गेली.

मी मागच्या ओट्यावर रडत बसले होते. माझ्या हातून थेंब जास्त पडले की काय, हेच डोक्यात घुमत होतं. बाई येऊन शेजारी बसल्या. "तुझं मोजमाप बराबर होतं. हात तुझा होता, हुकूम माझा होता. जे झालं ते माझं." मग म्हणाल्या, "मी सारा वख्त तिचा श्वास बघत राह्यले. दवा तिकडं तिचं जिगर खात होती."

जिगर म्हणजे यकृत. त्यांनी मला समजावून सांगितलं. क्लोरोफॉर्मचा अंमल उतरला, माणूस बोलू लागला, तरी यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी वर येते. उपाशी शरीराच्या यकृतात साखरेचा साठा उरलेला नसतो, त्याला ही इजा जास्त होते. हे पुस्तकात होतं. बाईंनी वाचलंही होतं.

महिन्याभरानं वाटूरची एक बाई औषधाला आली. तिनं सांगितलं, सुभद्राच्या पोरीला घरात कुणी नीट हात लावत नाही. "आईला खाऊन आली म्हंत्यात. सासू शेळीचं दूध पाजती, पण तोंड फिरवून पाजती."

बाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "उद्या वाटूरला जायचं. तू येतीस का?"

मी म्हणाले, "बाई, तुम्ही तिथं जाऊन काय सांगणार? लोक चिडले तर?"

"चिडू दे. पोरीवर आळ हाय, आणि तो माझा हाय."

परतूरपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं गेलो. नामदेवच्या अंगणात पाच-सहा माणसं जमली. सासूनं घोंगडी टाकली, पण बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या.

"तुमच्या सुनेला ह्या पोरीनं न्हाई मारलं. बेहोश करायला मी जी दवा दिली, तिनं मारलं. कावीळ त्या दवेनं झाली. पोरीच्या पायगुणाचा काही संबंध न्हाई."

नामदेवनं विचारलं, "मंग दिलीच कशाला?"

"दिली नसती तर दोघी गेल्या असत्या. पण इतक्या उपाशी बाईला ती दवा वाईट, हे मी वाचलेलं होतं. तिला आधी साखर द्यायची, दुसरी दवा वापरायची. त्या घाईत मला ध्यानात आलं न्हाई. ही माझी चूक हाय."

नामदेव उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. सासू जागची हलली नाही. मग आत गेली, पोरीला घेऊन आली आणि बाईंच्या हातात दिली. "बघा बरं बाई, हिचे डोळे तर पिवळे न्हाईत ना?"

बाई तिला घेऊन सावलीतून उन्हाच्या कडेला गेल्या. अंगठ्यानं हळूच पापणी खाली ओढून पाहिली. "न्हाई. बिलकुल न्हाई."

सासूनं पोरगी परत घेतली ती छातीशी धरूनच. नामदेव मात्र शेवटपर्यंत आला नाही. गाडीत मी त्याबद्दल काही बोलले, तर बाई म्हणाल्या, "त्याचा हक हाय तो."

त्यानंतर आमच्या दवाखान्याची रीतच बदलली. बाईंनी स्वतः हैदराबादला जाऊन क्लोरोफॉर्मऐवजी बेशुद्धीसाठी इथर मागून आणलं. ते यकृताला सोसतं, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीतून उडून जायचं आणि ठिणगीनं भडकायचं. म्हणून शस्त्रक्रिया उजाडताच सुरू व्हायच्या, बाटल्या ओल्या फडक्यात, स्टोव्ह पार अंगणात. तपासणीला आलेले एक मोठे डॉक्टर म्हणाले, "हैदराबादेत शिकून क्लोरोफॉर्मला भिता?" बाई म्हणाल्या, "श्वासाला न्हाई भीत, साहेब. तिसऱ्या दिवसाला भिते."

जाफराबादची एक म्हातारी पोटातली गाठ काढायला आली, तर तिचा देवीला बोललेला निर्जळी उपास. वर मुसलमान बाईच्या हातचं पाणी चालणार नाही म्हणाली.

"माझ्या हातचं नको तर सुनेच्या हातचं प्या," बाई म्हणाल्या. "पण गूळपाणी पोटात गेल्याबिगर मी सुरी उचलणार न्हाई. दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबू."

"आन् देवीला काय सांगू?"

"सांगा, डाक्टरीण ऐकत न्हाई. पाप माझ्या नावावर टाका. माझ्याकडं जागा हाय."

म्हातारी हसली. दोन दिवस गूळपाणी, भात, खीर खाऊन मग टेबलावर गेली, आणि पुढं चालत घरी गेली.

निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास बाईंनी जालना सोडलं. वय झालं होतं, आणि हैदराबादेतला भाऊ घाबरून रोज निरोप पाठवत होता. स्टेशनवर पुष्कळ बायका आल्या होत्या. कुणी भाकरी बांधून आणली होती, कुणी नुसतीच हात धरून उभी होती. बाई सगळ्यांशी बोलल्या, माझ्याशी मात्र बोलेनात. गाडीत बसल्या, शिट्टी झाली, तेव्हा खिडकीतून वाकून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही निरोपाचं बोलतील.

"बदनापूरच्या त्या पोरीचं ऑपरेशन परवा झालं. उद्या सकाळी तिला खिडकीशी ने. डोळे दिव्यात बघू नको, पिवळं कळत न्हाई. उजेडात बघ."

गाडी हलली. त्या अजून काही सांगत होत्या, पण ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन आत आल्यावर मी त्या पोरीला खिडकीशी नेलं आणि पापणी ओढून पाहिली. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. "न्हाई, बिलकुल न्हाई," असं मी मोठ्यानं म्हणाले. पोरीनं विचारलं, "कुणाला सांगून राह्यलात?"