अक्कांच्या दारावरची ओळ

"हे व्हायचं नाही," असे कोणी म्हटले की इंदूअक्का हातातले काम थांबवत, लेथच्या कप्प्यातून खडू काढत आणि कारखान्याच्या पत्र्याच्या दारावर त्या माणसाचे नाव व त्याचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवत. वाद घालत नसत. काम तडीस गेले की त्या माणसाला चहाला बोलावत, ओले फडके त्याच्या हाती देत आणि म्हणत, "पुसा पावणं. तुमची ओळ तुमच्याच हातानं." उद्यमनगरातले कितीतरी कारखानदार त्या दारापाशी कधी ना कधी फडके घेऊन उभे राहिलेले होते.

मी प्रथम तिथे गेलो तेव्हा दारावर एकच ओळ होती. "आबाजी : लेथवरच्या बाईचं इंजिन आकाशात जात नसतं." आबाजी म्हणजे शेजारच्या, डिझेल इंजिनांचे भाग ओतणाऱ्या फाउंड्रीचे मालक. ते रोज सकाळी त्या ओळीवरून नजर चुकवत आपल्या कारखान्यात जात.

मला तिथे नेले ते मान्यांनी. माने माझे शाळेतले मित्र. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर कुरुंदवाडला घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने दोन आसनांचे विमान बांधत होते. पंख झाले होते, सांगाडा झाला होता, इंजिन नव्हते. अपघातात चेपलेल्या एका जपानी गाडीचे रोटरी इंजिन त्यांना भंगारात मिळाले. त्यात दट्ट्या वरखाली होत नाही. तिकोनी चकती गरगर फिरते. आकाराने लहान, वजनाला हलके. पण उंचावर हवा विरळ झाली की त्यालाही धाप लागणार. गगनबावड्याचा घाट ओलांडून कोकण पाहायचे हे मान्यांचे स्वप्न, आणि त्यासाठी इंजिनाला टर्बो हवा होता, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. चार ठिकाणी नकार ऐकून ते अक्कांकडे आले होते.

"उसाचा ट्रक टर्बोवर घाट चढतोय," अक्का म्हणाल्या, "मग इमानानं काय घोडं मारलंय?"

नवरा गेल्यावर दिरांनी कारखाना भाड्याने द्यायला सांगितले, तेव्हा अक्कांनी दारावर दिरांचे नाव लिहिले आणि लेथ शिकून घेतला. त्यानंतरची पंचवीस वर्षे त्या डिझेल इंजिने बांधत होत्या. मी पॉलिटेक्निकमध्ये ऊष्मागतिकी शिकवून निवृत्त झालेला. मान्यांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे सर. बोलत नाहीत, पण यांचं गणित चुकत नाही."

अक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "न बोलणारं मशीन चांगलं. न बोलणारा माणूस कसा असतो, बघतो की."

ते त्यांनी लवकरच पाहिले. ट्रकचा एक जुना टर्बो बसवून इंजिन लोखंडी चौकटीवर सुरू केले, तेव्हा पहिली काही मिनिटे आम्ही तिघे एकमेकांकडे पाहून नुसते हसत होतो. मग धुराची नळी लाल झाली. लाल होती ती नारिंगी होऊ लागली. अक्कांनी आयुष्यभर डिझेल हाताळलेले. डिझेल इंजिन तापले की इंधन कमी करायचे, हे त्यांच्या हातालाच माहीत होते. त्यांचा हात पेट्रोलच्या खटक्याकडे गेला. या इंजिनात नेमके उलटे असते. भरपूर पेट्रोल देऊन पळवताना ते वाढवले की धूर थंड होतो. कमी केले की आग भडकते. हे मी वर्गात शिकवलेले होते. मी तोंड उघडले आणि मिटले. इतक्या जाणत्या बाईला मी काय सांगणार, असे वाटले.

दगड फुटावा तसा आवाज झाला. चकतीच्या टोकावरची पट्टी तुटून तिचे तुकडे धुराबरोबर टर्बोत गेले होते आणि पंख्याची पाती कुरतडली गेली होती.

"पेट्रोल कमी करायला नको होतं," मी पुटपुटलो.

अक्कांनी तुकडे तळहातावर घेतले. "हे आत्ता कळलं तुमास्नी?"

"नाही. आधीपासून माहीत होतं."

"मग?"

"तुमचा एवढा अनुभव. मला वाटलं..."

"मास्तर, माझं चुकलं, कारण मला ठावं नव्हतं. तुमास्नी ठावं हुतं! पुस्तकातलं घरात ठिवून काय लोणचं घालणार हायसा?" त्यांनी खडू घेतला आणि आबाजींच्या ओळीखाली लिहिले, "सर : गप्प बसले."

त्या दारावर आजवर लोकांच्या बोलण्याचीच नोंद झालेली होती. न बोलल्याची ती पहिलीच.

मी पुन्हा तोंड दाखवू नये असे ठरवले होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला, "यायचं न्हाय काय?" मी गेलो. चहा समोर ठेवून त्यांनी कप हाताने झाकला. "आज माझं काय चुकतंय ते सांगा. मग चहा." पुढे हा रोजचाच नियम झाला. कधी नळीचा बाक, कधी थंड पाण्याचा मार्ग, कधी टर्बोचे मापच चुकलेले असे, आणि ते मी सांगे. काही सापडले नाही त्या दिवशी मी म्हणालो, "फडकं फार मळलंय." अक्का खदखदून हसल्या, "आता जमाया लागलं!" आणि फडके धुतले.

नवा टर्बो बसला, नव्या पट्ट्या बसल्या. इंजिन सलग दोन तास पूर्ण जोरात चालले तर विमानात बसवतो, असे माने म्हणाले होते. त्या चाचणीच्या चार दिवस आधी, भर दुपारी, लेथपाशीच अक्का कोसळल्या. हृदय थांबले होते.

बारावा झाला त्याच दिवशी धाकटे दीर म्हणाले, "उद्या भंगारवाला येतोय. त्यो चौकटीवरचा खेळ पण जाऊ दे."

"उद्या दुपारपर्यंत थांबा," कोणीतरी म्हणाले. तो माझाच आवाज होता.

सकाळी मान्यांनी इंजिन सुरू केले. आबाजीही येऊन उभे राहिले. तासाभराने नळी लाल झाली, आणि त्या भल्या माणसाने, तोही डिझेलचाच, धावत जाऊन खटक्याला हात घातला.

"आबाजी, हात काढा!" मी ओरडलो. वर्गातसुद्धा मी कधी असा ओरडलो नव्हतो.

"अवो सर, फुटंल की!"

"कमी केलंत तर फुटेल! माने, पेट्रोल वाढवा!"

मान्यांनी वाढवले. नळीचा लाल रंग हळूहळू काळवंडला. दुसरा तासही पूर्ण झाला. दीर दारात उभे होते, भंगाराचा टेम्पो रस्त्यावर. शेवटी इंजिन थांबले तेव्हा दिरांनीच टेम्पोवाल्याला हात केला, जा म्हणून.

आबाजींनी बादलीत फडके भिजवून माझ्यापुढे धरले. "पुसा सर. तुमची ओळ."

मी पुसली. खडूची ओळ जुनी झाली होती, घासावी लागली. मग मी फडके त्यांच्याकडे केले.

"माझी ऱ्हाऊ दे," ते मागे सरकत म्हणाले. "उडाल्याबिगर पुसली तर अक्का वरनं पान्हा फेकून मारंल."

इंजिन आता कुरुंदवाडला, विमानात आहे. परवानगीचे कागद दिल्लीहून दोनदा परत आले, आम्ही तिसऱ्यांदा पाठवले आहेत. आबाजींची ओळ दारावर आहे. तिच्या शेजारच्या खिळ्याला मी रोज सकाळी फडके ओले करून अडकवतो.