टिकलीखालचं भोक

जिंतूरचा धम्मानंद मिस्त्री पंगतीत सगळ्यांच्या आधी जेवून उठतो, पण जुन्या गाडीच्या डॅशबोर्डसमोर बसला की त्याला घाई चालत नाही. दत्तराव गुरुजींच्या फियाटचा डॅशबोर्ड रंगवायचा होता, म्हणून आधी बटणं काढायची होती. प्रत्येक बटणाच्या मानेवर बारीक भोक असतं. त्यात तार दाबली की बटण अलगद सुटतं. ओढलं तर फुटतं, आणि तसलं बटण आता कुठं मिळत नाही. तीस वर्षांत आपण एकही फोडलं नाही, हे धम्मानंद न विचारताच सांगतो.

तीन बटणं निघाली. चौथ्याला, वायपरच्या बटणाला, भोकच सापडेना.

"ओढा की हो," गुरुजी म्हणाले.

"ओढायचंच असतं तर तुमी पुरे होता, गुरुजी. चहा सांगा."

चहा घेऊन आलेल्या गुरुजींच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आत डोकावलं. "अवो मिस्त्री, तिथं माझी टिकली हाय की! हे गाडीचा दिवा लावायला जायचे अन् कोरड्या काचेवर वायपर फिरवायचे. लय हसायचे लोक. म्हणून खूण केली."

धम्मानंदानं मळून काळी पडलेली टिकली नखानं खरवडली. खाली भोक होतं. बटण सुटून तळहातावर आलं. गुरुजी उगाच खिडकीबाहेर बघत बसले.

रंग वाळल्यावर बटणं बसली. लक्ष्मीबाईंनी नवी लाल टिकली लावली, या खेपेला भोक सोडून.

परवा बसस्टँडवर दिवेलागणीला कोरड्या काचेवर गुरुजींचा वायपर फिरताना मी पाहिला. बटण मात्र शाबूत आहे.