लांबची लेन्स

परळीच्या स्टेशनात गाडी उभी होती आणि आई खिडकीच्या गजांवरची राख पदरानं पुसत होती. वीजकेंद्राची ती राख आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, सगळ्यांवर बसायची. अण्णा कापडाचं दुकान बंद करून मला सोडायला आले होते. मी पुण्याच्या एका कलर लॅबमध्ये नोकरीला निघाले होते. अण्णा एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकाला आदी बसा म्हनावं, मग माप घ्यावं. तिकडं बी तसंच वाग."

मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायचं आहे, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

लॅबमध्ये मी लोकांच्या लग्नाचे रोल धुतले, मग स्वतः लग्नांचे फोटो काढायला लागले. हळूहळू घरोघरी मोबाइल आले, मॉल उघडले, माझी भाषाही गुळगुळीत झाली. पण गाव विचारल्यावर बीड जिल्हा म्हटलं, की समोरचा "अरेरे" म्हणायचा. जणू मी आत्ताच टँकरच्या रांगेतून उठून आले होते.

एकदा एका फोटो प्रदर्शनात गेले आणि समोरच्या भिंतीवर सरूमावशी दिसली. ही माझ्या आईची मावसबहीण, शिरूर कासारजवळच्या खेड्यातली. उंबऱ्यावर बसलेली, कपाळाला हात, पदर ढळलेला आणि शेजारी आडवी पडलेली घागर. खाली लिहिलं होतं, 'तहान. ऊसतोड मजूर स्त्री.'

ऊसतोडीला जाण्यात कमीपणा नाही. आमच्या नात्यातली कितीतरी घरं दरसाल जातात. पण मावशी कधी गेलीच नव्हती. तिची बाजरी, तिची कपाशी, तिच्या दोन म्हशी.

मी बाहेर येऊन तिला फोन लावला आणि फोटोत काय आहे ते सगळं सांगितलं.

"तहान कशाची गं?" ती कडाडली. "डोस्कं दुखत हुतं माजं त्या दिशी! अन् घागर चिंचंनं घासाया काढलती. मला न इचारता कावून काढला त्यानं फोटू? अन् पदर बी नीट न्हाई व्हय?"

फोटोग्राफर आत दालनातच होता. मी त्याला विचारलं, "त्या बाईंना विचारलं होतं का?"

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "विचारलं की ही माणसं पोझ देतात. लांबून घेतलं की खरं मिळतं."

खरं! मी फोटो उतरवायला सांगितलं, तर तो हसला. फोटो तिथंच राहिला, पुढं दुसऱ्या शहरातही गेला.

त्याच सुमारास मी पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायला गेले. विक्रेत्यानं काउंटरवर बिनलेन्सच्या कॅमेऱ्यांच्या बॉड्या मांडल्या आणि मेगापिक्सेल ऐकवायला सुरुवात केली. मला हातात नीट बसणारी आणि कमी उजेडात साथ देणारी बॉडी हवी होती. ती मिळाली. मग लेन्सचा विषय निघाला. गावाकडं काढणार आहे म्हटल्यावर त्यानं विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

"मग ही सत्तर-तीनशेची झूम लेन्स घ्याच, मॅडम, लांबचं अगदी जवळ आणते. सेन्सर लहान आहे, त्यामुळे साडेचारशेसारखी चालते. गाडीतून उतरायलासुद्धा नको. त्यांना कळणारही नाही!"

कानशिलं तापली माझी. "त्यांना कळायलाच पाहिजे," मी म्हणाले. "झूम नसलेली, पस्तीसची द्या."

"तिच्यात लांबचं काही येत नाही हो. प्रत्येक वेळी जवळ जावं लागेल."

"जाईन ना."

बॉडी आणि ती एकच लेन्स घेऊन मी मावशीच्या गावी गेले. मावशीला म्हटलं, "तुला पायजे तसा काढते, सांग कुठं काढू."

तिनं विचारसुद्धा केला नाही. "पान्यापाशी. कपिलधारला ने मला."

श्रावणातल्या सोमवारी आम्ही तिथं गेलो. तिनं हिरवं इरकल नेसलं होतं. धबधब्याच्या तुषारांत तोंड पुसत ती म्हणाली, "हं, आता काढ. दात दिसू दे माजे." मी इतकी जवळ होते की लेन्सवर पाणी उडत होतं. दरवेळी काच पुसेपर्यंत ती थांबायची आणि पुन्हा हसायची.

तो फोटो मी त्याच दालनाच्या पुढच्या प्रदर्शनाला दिला. संयोजिका म्हणाल्या, "सुंदर आहे, पण यात बीड कुठे दिसतं?"

"कपिलधार बीडातच हाय, बाई!" मी ओरडले. दालनातली माणसं वळून बघायला लागली. फोटो घेतला नाहीच त्यांनी. तो आता मावशीच्या बैठकीत लागलाय आणि आल्यागेल्याला ती स्वतः दाखवते.

घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर मला दारं-खिडक्या आठवत नाहीत, माणसं आठवतात. विचारल्याशिवाय ज्यांचा फोटो माझ्यानं काढवत नाही, आणि दुसऱ्यानं तसा काढला तर माझं रक्त उसळतं, तेवढी माणसं म्हणजे माझं घर. मी पुण्यात राहते. माझा राग अजून तिकडंच राहतो.